हौसाचा हिरवा झगा

संजयचा फोन आला तेव्हा मी कपिलतीर्थ मार्केटात मेथीची जुडी निवडत उभी होते. "मावशी, आई गेली..." एवढंच तो म्हणाला. भाजीवालीनं माझ्या तोंडाकडं बघून जुडी हळूच हातातून काढून घेतली आणि बसायला आपलं पोतं पुढं सरकवलं. वर्षभराचं आजारपण होतं, बातमी कधीतरी येणार हे ठाऊक होतं. तरी मी त्या पोत्यावर बसून राहिले. शाळेच्या बाकापासूनची मैत्रीण होती हौसा माझी.

संध्याकाळी टीव्हीवर तिचा फोटो झळकला. 'साधेपणा जपणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री हौसाबाई यांचं निधन.' दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतही तेच. कुणी लिहिलं, झगमगाटाला न भुललेली. कुणी लिहिलं, रेड कार्पेटवरही मातीचा वास घेऊन आलेली. लिहिणाऱ्यांच्या मनात आदरच होता, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. पण वाचता वाचता मला एका बाजूनं रडू येत होतं आणि एका बाजूनं हसू. हौसानं हे वाचलं असतं तर पेपर माझ्यापुढं आपटून म्हणाली असती, "मालू, ह्यास्नी कुणीतरी खरं सांग की गं!"

आता पाच-सहा आठवडे झालेत. मन जरा थाऱ्यावर आलंय, म्हणून तेच सांगायला बसलेय. हौसा साधी नव्हती. हौसाला झगमगाट मनापासून आवडायचा.

ती मूळची कोडोलीची. शेतकऱ्याच्या घरातलं शेंडेफळ. पुढं शिकायचं म्हणून कोल्हापुरात मावशीकडं राहायला आली आणि आमच्या वर्गात नेमकी माझ्या शेजारी बसली. जोतिबाच्या यात्रेला जाऊन आलेल्या मुली गुलालानं माखलेल्या असायच्या. हौसा आली ती दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरून. बाईंनी वर्गात त्या काढायला लावल्या. एक फुटून मनगटाला लागलं, रक्त आलं, तर ही बाईंना विचारते, "जोडून मिळंल का वो?" त्याच वर्षी गॅदरिंगला राजवाड्यातलं एक नाटक होतं. राणीची सगळी भाषणं हौसानं आधीच तोंडपाठ केलेली. बाईंनी ती ऐकली, कौतुकही केलं, आणि म्हणाल्या, "पण राणी जरा उजळ हवी गं. तू दासी हो." हौसानं मान डोलावली. नाटकाच्या दिवशी पडदा उघडला, राणी सिंहासनावर बसली आणि मागून दासी आली ती मावशीच्या लग्नातला जरीचा शालू नेसून, नाकात भली मोठी नथ घालून. राणी स्वतःचं वाक्य विसरून तिच्याकडंच बघत बसली. विंगेत बाईंनी कपाळाला हात लावला. नंतर जाब विचारला तेव्हा हौसा शांतपणे म्हणाली, "दासी असली म्हणून काय झालं बाई, राजवाड्यातली हाय की!"

पुढं मी शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि हौसाचं लग्न झालं. नवरा दत्ताजी, सायकलचं दुकान होतं त्यांचं. अत्यंत सालस आणि नाटकवेडा माणूस. त्यांनीच तिला हौशी मंडळींच्या नाटकात नेलं, तिथून ती सिनेमात गेली. तेव्हा आमच्या कोल्हापुरात शूटिंगं बरीच व्हायची आणि गावाकडची बाई हवी असली की लोक हौसाला बोलवायचे. तिचं बोलणं अस्सल, रडणं अस्सल. दत्ताजी अकाली गेले, संजय लहान होता, आणि मग तिनं आलेल्या कामाला कधी नाही म्हटलं नाही. पण काम म्हणजे काय... कधी विधवा आई, कधी सावकाराच्या दारात पदर पसरणारी, कधी दुष्काळात पाण्यासाठी वणवण करणारी. म्हणजे कायम फाटकं पातळ. कपडेपटाचा माणूस ती दिसली की न विचारताच ठिगळाचं लुगडं काढून ठेवायचा. एकदा मी शूटिंग बघायला गेले होते. शेजारच्या खोलीत हिरॉइनच्या साड्या ओळीनं टांगलेल्या. हौसानं त्यातल्या एकीच्या काठावरनं नुसतं बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "मऊ हाय बघ, लोण्यावानी." मग जाऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि असं काही रडली की लायटिंगवाल्यांनीही डोळे पुसले.

शूटिंग संपलं की ती स्वतःची व्हायची. राणी रंगाची साडी, तिला मॅचिंग पर्स, मॅचिंग चप्पल, केसात गजरा नाही तर चक्क चमकीची क्लिप. महाद्वार रोडवर तिच्याबरोबर जायचं म्हणजे लोक वळून बघणार हे गृहीत. मी रंगांची मास्तरीण, मी कधीतरी म्हणायचे, "हौसा, अगं जांभळ्यावर पिवळं?" ती म्हणायची, "फुलं इचारत्यात व्हय तुला?"

साठी उलटल्यावर तिच्या वाट्याला तो सिनेमा आला. नाव इथं लिहीत नाही, बहुतेकांना माहीत आहे. त्यात ती पहिल्यांदा मुख्य भूमिकेत होती. सिनेमा गाजला आणि मुंबईतल्या एका मोठ्या पुरस्कार सोहळ्यात तिला नामांकन मिळालं. हौसाचा आनंद पुरस्कारापेक्षा रेड कार्पेटचा! टीव्हीवर ते सोहळे ती जेवणाचं ताट मांडीवर घेऊन बघायची, आणि कुणी काय घातलंय यावर आमची फोनवर चर्चा व्हायची. आता ती स्वतः तिथून चालणार होती.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिथले कपडे बहुतेक वेळा त्या नट्यांचे नसतातच. डिझायनर एका संध्याकाळपुरते देतात, दुसऱ्या दिवशी परत न्यायला माणूस येतो. दागिनेही तसेच, त्यांच्याबरोबर राखणदार असतो. बदल्यात नटीनं माईकसमोर डिझायनरचं नाव घ्यायचं. एकदा घातलेलं पुन्हा घालायचं नाही, घातलं तर तीच बातमी होते. आणि हे सगळं जुळवून आणायला एक स्टायलिस्ट असते. निर्मात्यांनी त्यासाठी काव्या नावाची एक मुलगी नेमली होती. सिनेमात हौसाच्या सुनेचं काम केलेल्या नव्या नटीसाठी म्हणे पाच ठिकाणांहून कपडे आले. हौसासाठी एकही नाही. काव्याचा फोन आला तेव्हा मी हौसाच्या घरीच होते. पोरगी बिचारी अडखळत सांगत होती. "मावशी, मी खूप ठिकाणी विचारलं. पण त्यांच्याकडे सगळं एकाच मापाचं असतं... म्हणजे मॉडेलच्या मापाचं. तुमच्या साइझचं कुणाकडेच नाहीये."

"म्हंजे कपडे आधी ठरलेत," हौसा म्हणाली, "आता त्यात मावणारी बाई हुडकायची. व्हय?"

काव्या पुन्हा पुन्हा सॉरी म्हणायला लागली. हौसा म्हणाली, "असू दे बाळ, तुझा काय दोष न्हाय," आणि फोन ठेवला. मग आत जाऊन तिनं कपाट उघडलं. मला वाटलं, आता मोरपंखी पैठणी काढेल. तिनं काढलं एक तपकिरी इरकली लुगडं, बारीक काठाचं. दुखवट्याला जायला ठेवलेलं. मी म्हटलं, "अगं, हे?" तर म्हणाली, "व्हय, हेच. जाऊ दे त्यांचं रेड कार्पेट." ती रुसली होती. लहान मुलीला जत्रेला न्यायचं कबूल करून आयत्या वेळी घरी ठेवावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय. लाल गालिचावर त्या तपकिरी लुगड्यात हौसा तरातरा चालत निघाली होती. एका मुलीनं माईक पुढं केला आणि तिथल्या रिवाजाप्रमाणं विचारलं, "मॅम, आज तुम्ही कुणाचं घातलंय?" हौसा थांबली, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कुणाचं म्हंजे? माझंच की! दुसऱ्याचं कशाला घालू?"

ती रागात बोलली होती. पण ते एवढंसं चित्रण फोनाफोनांतून देशभर फिरलं. त्या रात्री तिला पुरस्कारही मिळाला, आणि सकाळपर्यंत हौसा साधेपणाची देवी झाली होती. केवढी ही निरागसता, केवढी ही निःस्पृहता! कॉलेजांमधून बोलावणी यायला लागली. आयोजक निमंत्रणाबरोबर आवर्जून सांगायचे, "बाई, तीच साडी नेसून या हं." सुरुवातीला तिला मजा वाटली. मग एका समारंभाला ती गुलबक्षी रंगाची काठापदराची साडी नेसून गेली, तर स्वागताला आलेल्या माणसाचा चेहरा उतरला. "लोकांची थोडी निराशा होईल," तो म्हणाला. घरी येऊन ती मला म्हणाली, "मालू, पहिलं मला ठिगळं लावत हुती. आता साधेपणा लावत्यात. माझ्या मनाचं मी नेसायचं कवा?"

त्याच वर्षाच्या शेवटी तिचं दुखणं निघालं. मला आणि संजयला सोडून तिनं ते कुणाला सांगितलं नाही. संजय वारणानगरला डेअरीत नोकरीला, बायको-मुलांसह तिथल्याच कॉलनीत राहायचा. रजा काढून तो उपचारांना घेऊन जायचा. आणि अशात पुन्हा त्या सोहळ्याचं बोलावणं आलं. आदल्या वर्षीच्या विजेतीनं नव्या विजेतीला पुरस्कार द्यायचा अशी तिथली पद्धत आहे. पाठोपाठ काव्याचा फोन. ती गेल्या वर्षीचं विसरली नव्हती. "मावशी, या वेळी मी तुमच्या मापाचं मुद्दाम शिवून घेतेय. एक नवीन डिझायनर तयार आहे. हातमागाची साडी करू या? साधी, तुमच्यासारखी?"

"झगा," हौसा म्हणाली.

"काय?"

"जमिनीवर लोळणारा झगा. त्या पोरी घालत्यात तसला. मागं लांबलचक शेपूट पायजे. आणि चमकायला पायजे."

"गाऊन म्हणताय का मावशी?"

"गाऊन आम्ही घरात भांडी घासताना घालतो बाळ. झगा म्हण."

काव्या फोनवर इतकी हसली की शेवटी हौसालाही हसू आवरेना. रंग मात्र हौसानं मला निवडायला लावला. कितीतरी दिवस मी कागदावर हिरवे मिसळून तिला दाखवत होते. हा पोपटी, हा शेवाळी, हा गर्द... शेवटी मोराच्या मानेवर ऊन पडल्यावर दिसतो तो हिरवा तिनं पसंत केला.

सोहळ्याला ती मला घेऊन गेली. हॉटेलच्या खोलीत पलंगावर तो झगा पसरलेला होता. अंगभर बारीक टिकल्या, लांब बाह्या, आणि मागं खरोखरच हे एवढं शेपूट. हौसा कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिली. उपचारांनी केस विरळ झालेले, अंगात ताकद नाही, पण काव्यानं तो अंगावर चढवून मागची चेन लावली आणि तिला आरशाकडं वळवलं तेव्हा... मी तिला शाळेपासून बघत आलेय, असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. ती आरशाला म्हणाली, "आगं बया, कुठं हुतीस इतके दिवस?"

त्या कपड्यात गाडीत नीट बसता येत नाही, हेही तेव्हाच कळलं. हौसा मागच्या सीटवर जवळजवळ आडवी, शेपूट माझ्या मांडीवर, आणि पुढं दागिन्यांचा राखणदार मान न वळवता बसलेला. उतरताना माझा हात धरून म्हणाली, "पाय लटपटत्यात गं." मी म्हटलं, "परत जाऊ या का?" तर डोळे वटारून म्हणाली, "खुळी का काय!" आणि निघाली. त्या गालिचावर ती सावकाश चालली, मागं हिरवी लाट सरकावी तसा झगा. फोटोवाल्यांचे कॅमेरे आधी खालीच राहिले. मग कुणीतरी ओरडलं, "हौसाबाई, इकडे!" आणि एकच गलका. माईकवालीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. हौसानं काव्यानं शिकवल्याप्रमाणं डिझायनरचं नाव नीट घेतलं आणि पुढं म्हणाली, "पण मापाचं माझ्या हाय. त्या पोरीनं आधी मला मोजलं, मग कापड कापलं."

दुसऱ्या दिवशी तिच्यावर जे बरसलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. म्हातारचळ. डोक्यात हवा गेली. हिलाही मुंबईचं वारं लागलं. ज्यांनी वर्षभर तिला डोक्यावर घेतलं तेच लोक. तिच्या आजारपणाची कुणाला कल्पना नव्हती आणि ते सांगून सहानुभूती मागायला ती तयार नव्हती. पण घाव बसला तो दुसराच. आम्ही कोल्हापुरात परतलो आणि संजयचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर ठेवला होता.

"आई, काय हे? सगळी मोबाईल दाखवायला लागल्यात मला. मान खाली घालायची पाळी आली की."

हौसानं फोन जरा जवळ ओढला. मग म्हणाली, "संजू, इतकी वर्सं फाटकं नेसून पडद्यावर रडले, तवा तुझी मान वर हुती व्हय?"

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो दवाखान्यासाठी यायचा, न्यायचा, आणायचा, पण कामापुरतंच बोलायचा. हौसा लोकांचं बोलणं हसण्यावारी न्यायची, पोराचं मौन मात्र तिला सोसवेना. मी म्हटलं, त्याला समजावते. म्हणाली, "नको. त्याचं त्याला उमजू दे. सांगून काय हुतंय?"

झगा तिच्याकडंच राहिला होता. रिवाजाप्रमाणं तो परत जायला हवा. पण डिझायनर म्हणाली, हे माप दुसऱ्या कुणाला येणार नाही, बाईंनाच ठेवू दे. मे महिन्यातली एक दुपार. संजय तिची शाल काढायला कपाटाशी गेला आणि तो झगा त्याच्या हाताला लागला. मी तिथंच बसले होते. तो पाठमोरा उभाच राहिला. हौसा खाटेवरून म्हणाली, "जवळून न्हाई न बघितलास तू? थांब, घालून दावते." मी नको म्हणत होते, ती ऐकते कुठली. आत जाऊन मी तो तिला घातला. इतकी वाळली होती की झगा खांद्यावरून ओघळत होता. ती भिंतीला धरून बाहेर आली. संजय पुढं झाला, तिच्या मागं गेला आणि पाठीवरचं सैल कापड त्यानं मुठीत गोळा करून धरलं. झगा अंगाला बरोबर बसला.

"बरी दिसतीस आई," तो म्हणाला.

"बरी?"

"झकास दिसतीस."

"मग आधी का न्हाई बोललास, गाढवा!" ती म्हणाली, आणि कपाटाच्या आरशात दोघंही रडत होते. त्यानं कितीतरी वेळ मुठीतलं कापड सोडलं नाही.

त्यानंतर तो वारणानगरहून रोज संध्याकाळी येऊ लागला. शेवटचे महिने मायलेकरांचे हसण्याबोलण्यात गेले. सुनेच्या साड्यांवर ती खाटेवरूनच शेरे मारायची. ती गेल्यावर तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो कुठला, अशी कुजबुज नातेवाइकांत सुरू झाली. कोडोलीच्या वडीलधाऱ्यांनी त्या तपकिरी लुगड्यातला फोटो सुचवला, सगळ्या पेपरांत तोच होता. संजय बाहेर गेला आणि मोठी चौकट घेऊन आला. हिरव्या झग्यातली हौसा. कुणी तोंड वाकडं केलं असेल, नसेल... त्यानं स्वतः हार घातला आणि टिकल्या झाकल्या जाऊ नयेत म्हणून तो जरा बाजूला सारला.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. त्या हॉटेलच्या खोलीत निघण्याआधी काव्यानं हौसाला फोटोसाठी उभं कसं राहायचं ते शिकवलं होतं. एक पाय किंचित पुढं, खांदे मागं, हनुवटी उचललेली, आणि हात पोटाशी गुंडाळून न घेता मोकळे सोडलेले. हौसा हिंडती-फिरती होती तोवर तिनं ती विद्या कोल्हापुरात आणि कोडोलीतही आणून वाटली. हळदीकुंकवाला, बारशाला, गल्लीतल्या लग्नात, जिथं म्हणून बायका फोटोला पदर सावरत अंग चोरून उभ्या राहिल्या, तिथं ही ओरडायची, "पाय म्होरं! खांदं मागं! कुणाचं काय चोरलंय व्हय गं?" बायका लाजायच्या, हसायच्या, आणि करायच्या.

परवा कोडोलीला तिच्या भाचीच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. घरात दुखवटा असल्यानं लग्न साधेपणानं उरकायचं ठरलं होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि फोटोवाल्यानं बायकांना बोलावलं. शेतात, गोठ्यात, डेअरीच्या रांगेत आयुष्य काढलेल्या त्या बायका ओळीत उभ्या राहिल्या. फोटोवाला अजून कॅमेरा नीट करत होता. तेवढ्यात त्या ओळीतून, कुणी न सांगता, एकेक पाय पुढं आला. खांदे मागं गेले. टोकाला नऊवारीतली एक म्हातारी होती, तिनंही काठी शेजारणीच्या हातात दिली आणि हनुवटी वर केली.